पिशवीतली उंची पाहून झुडूप घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खिडकीखाली भिंतीला लागून ४ फूट रुंद, १२ फूट लांब पट्टा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे ‘बुटकी, सदाहरित’ म्हणून मिळालेली आठ रोपं लावलीत, सहा पिवळ्या पानांचे ड्युरांटा आणि दोन फायकस. आता ती खिडकीच्या वर गेली आहेत, दर तीन आठवड्यांनी कात्री चालवावी लागते, आणि वरून हिरवीगार असली तरी गुडघ्याखाली नुसत्या काटक्या उरल्या आहेत. सकाळचं पाच तास ऊन आहे, कडाक्याची थंडी नाही. अडीच-तीन फुटांवर थांबणारं, बारमाही हिरवं आणि फार कात्री न मागणारं झुडूप कोणतं लावू? आणि दाराशी असलेल्या दोन कुंड्यांत तेच चालेल का?

नावं सांगतो, पण त्याआधी ‘थांबणारं’ या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण तुमची आठ रोपं याच शब्दाने बिघडवली आहेत. जिवंत झुडूप थांबत नाही. आपण ज्याला बुटकं म्हणतो ते हळू वाढणारं असतं, इतकंच. अमेरिकन कॉनिफर सोसायटी सूचिपर्णी झाडांचे आकारानुसार चार गट करते, आणि त्यांचा आधार असतो वर्षाला होणारी वाढ: १ इंचाहून कमी, १ ते ६ इंच, ६ ते १२ इंच आणि १२ इंचांच्या पुढे. ‘बुटका’ हा त्यातला दुसरा गट. म्हणजे वर्षाला ५ इंच वाढणारं झाडही बुटकंच, पण दहा वर्षांनी ते चार फुटांच्या वर असणार.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे थंड प्रदेशांत शोभेसाठी लावतात तो शंकूसारखा ‘कोनिका’ स्प्रूस. १९०४ साली कॅनडाच्या रॉकी पर्वतांत लॅगनजवळ अर्नॉल्ड आर्बोरेटम या अमेरिकेतल्या वृक्ष-उद्यानाच्या जॅक आणि रेडर या दोघांना तो सापडला. वर्षाला दोन ते चार इंच वाढतो, म्हणून लोक दाराच्या दोन्ही बाजूंना हौसेने लावतात, आणि तीस वर्षांनी दार उघडायला जागा उरत नाही. शिवाय त्याच्यात मधूनच एखादी फांदी मूळ जातीच्या वेगाने सुटते. ती बुडापासून काढली नाही तर काही वर्षांत बुटक्याच्या डोक्यावर मोठं झाड बसलेलं दिसतं.

तेव्हा मला ‘किती उंच होतं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, किती वर्षांत? छोट्या जागेत आपण झुडपाचा वेग विकत घेत असतो.

आता रोपवाटिकेत उभं असलेलं एक फुटाचं, गोल, गच्च पानांचं रोप तीन कारणांनी तसं दिसू शकतं. ते खरोखर हळू वाढणाऱ्या जातीचं असेल. किंवा एखाद्या मोठ्या झाडाचं बाळ असेल. तुमचे फायकस हे दुसऱ्या प्रकारातले. लहानपणी छाटून गोल ठेवलेला फायकस गोजिरा दिसतो, पण मोकळ्या जमिनीत त्याचा वृक्ष होतो आणि त्याची मुळं भिंतीच्या भेगा नि पाण्याचे पाइप शोधत जातात. तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही: रोपाला वाढरोधक दिलेलं असेल. पॅक्लोब्युट्राझोलसारखी द्रव्यं झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाहीत, आणि पेरं लांब करणारं संप्रेरक तेच. त्यामुळे पानं गडद, पेरं आखूड, रोप कसं सुबक. घरी आणल्यावर औषधाचा असर ओसरतो आणि पुढची फूट हातभर लांब येते. लोक म्हणतात, ‘आमच्याकडे आल्यावर उंडारलं.’ उंडारलं नाही, त्याला बांधलेली दोरी सुटली.

मग ओळखायचं कसं? पेरं पाहा. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर खालपासून वरपर्यंत साधारण सारखंच आखूड असेल तर जात आखूड पेरांची आहे. खाली पेरं लांब आणि वरची शेवटची चार-पाच एकदम चिकटलेली असतील तर काहीतरी दिलेलं आहे, किंवा रोप पिशवीत अडकून खुरटलं आहे. दुसरं, जातीचं पूर्ण नाव विचारा. ‘मिनी’, ‘ड्वार्फ’, ‘तैवान’ ही विशेषणं आहेत, त्यांवरून जात कळत नाही. बुटक्या जाती बियांपासून खात्रीने तशाच निघत नाहीत, त्या छाट कलमानं किंवा गुटीनंच वाढवाव्या लागतात. म्हणून ‘बियांपासून केलंय’ असं उत्तर आलं तर बुटकेपणाची आशा सोडा. तिसरं, बुंध्याशी बोट घालून बघा. जमिनीलगत चार-पाच फांद्या फुटलेलं बसकं रोप घ्या. एकाच दांडीवर वर झुपका असलेलं रोप उंच असलं तरी नको, त्याचा खालचा भाग तुम्हाला कधीच भरता येणार नाही. शेवटी पिशवी हलकेच सरकवून मुळं बघू द्या असं सांगा. मुळं गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली असतील तर ते रोप दुसऱ्याला लखलाभ.

तुमचा दुसरा त्रास, वर हिरवं आणि खाली काटक्या, यात ड्युरांटाचा दोष अर्धाच आहे. उरलेला अर्धा कात्रीचा. माझं हे म्हणणं थोडं सविस्तर ऐका, कारण नवी झुडपं कितीही चांगली आणलीत तरी कात्री तशीच चालली तर तीन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच प्रश्नावर याल.

फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की दाब जातो आणि त्याच्या लगतचे दोन-तीन डोळे फुटतात. म्हणून छाटलं की झुडूप भरतं, हे खरंच आहे. पण कुठे भरतं? कापल्याच्या लगेच खाली. दर वेळी त्याच रेषेवर कात्री फिरवली की त्याच रेषेवर फुटवे दुप्पट, चौपट होत जातात आणि बाहेर दोन-तीन इंच जाडीची हिरवी साल तयार होते. तिच्या आत ऊन जात नाही. ज्या पानाला ऊन नाही ते झाड पोसत नाही, गाळून टाकतं. आतली फांदी आधी उघडी पडते, मग वाळते. बाहेरून झुडूप चेंडूसारखं दिसतं आणि आत पोकळ असतं. त्या पातळ सालीपलीकडे तुम्हाला कापताही येत नाही, कारण कापलं की तपकिरी भोक दिसतं. म्हणून दर छाटणीला तुम्ही अर्धा इंच बाहेरच कापता, आणि झुडूप दर वेळी तेवढं फुगत जातं. ‘नियमित छाटूनही मोठं कसं झालं’ याचं उत्तर हेच.

मी स्वतः हा धडा कामिनीच्या कुंपणावर शिकलो. सात-आठ वर्षं दोरी लावून सरळ रेषेत कापलेलं कुंपण होतं, येणारा-जाणारा कौतुक करायचा. एक दिवस वाऱ्याने मधली एक फांदी मोडली आणि दाराएवढं खिंडार पडलं. आत वाकून पाहिलं तर हिरवं पान औषधालाही नाही. ते भरून यायला दोन वर्षं लागली, आणि कामिनी जुन्या लाकडातून फुटते म्हणून भरलं तरी. त्याआधी थुजावर हाच प्रयोग करून बसलो होतो. तपकिरी लाकडापर्यंत कापला आणि त्या जागी तो पुन्हा कधी फुटला नाही. बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून फुटत नाहीत; यू नावाचं थंड प्रदेशातलं झाड त्याला ठळक अपवाद. म्हणून थुजा, जुनिपर, सायप्रस यांना कात्री लावताना पुढे हिरवं शिल्लक आहे ना, एवढं बघितल्याशिवाय कापू नये.

तर कापायचं कसं? लांब पात्याची कुंपणकात्री बाजूला ठेवा, हातात सिकेटर, म्हणजे एका हाताने चालणारी छोटी छाटकात्री घ्या. झुडपाच्या आत हात घालून सगळ्यात लांब गेलेली फांदी धरा आणि ती आत, एखाद्या लहान बाजूफांदीच्या सांध्यापाशी कापा. बाहेरून कापल्याची खूण दिसता कामा नये. अशा दहा-बारा फांद्या वेगवेगळ्या खोलीवर काढल्या की झुडपात मुठीएवढ्या फटी पडतात, त्यांतून आत ऊन जातं आणि आतले झोपलेले डोळे जागे होतात. पुढच्या वर्षी बाहेरची लांब फांदी कापाल तेव्हा तिच्या आत हिरवा फुटवा तयार असेल. झुडूप लहान ठेवण्याची खरी किल्ली ही: आत हिरवं असेल तरच ते आत घेता येतं. वेळही फार लागत नाही. तीन फुटांच्या झुडपाला पंधरा मिनिटं, वर्षातून दोनदा. दर तीन आठवड्यांच्या कातरकामापेक्षा हे कमीच भरतं.

आकार देताना बूड रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवा. बहुतेक लोक नकळत उलटं करतात, कारण उभं राहून कापताना वरचा भाग जपला जातो आणि खालचा खरवडला जातो. माथा छत्रीसारखा झाला की खालच्या फांद्या सावलीत मरणारच.

आता निवड. पाच तास सकाळचं ऊन म्हणजे तुमचं नशीब चांगलं आहे. पूर्ण सावलीत मात्र सुबक झुडपाचा नादच करू नये. सावलीत पेरं लांबतात, पानं विरळ होतात, आणि पिवळ्या-सोनेरी पानांच्या जाती हिरव्या पडतात.

तुमच्या पट्ट्यासाठी माझी पहिली पसंती मालपिगिया कॉक्सिजेरा, जिला सिंगापूर हॉली म्हणतात. पानं लहान, चकचकीत, कडेला कातरलेली. वाढ संथ, दोन-तीन फुटांत वर्षानुवर्षं राहते. फुलं फिकट गुलाबी आणि नाजूक. हिच्यात एकच खोट, सुरुवातीला ती इतकी हळू चालते की माणसाचा धीर सुटतो. पहिल्या वर्षी काहीच घडत नाहीसं वाटेल. उपटू नका.

दुसरी कॅरिसा, म्हणजे करवंदाच्याच कुळातली शोभेची बहीण. तिची ‘बॉक्सवुड ब्यूटी’ ही जात बिनकाट्याची आणि सुमारे दोन फुटांची आहे. ‘ग्रीन कार्पेट’ त्याहून बसकी, पण आडवी चार फूट पसरते, म्हणून खिडकीखाली पुढच्या कडेला बरी. जाड, चिवट पान असतं, पाण्याचा ताण सहन करते. कापल्यावर पांढरा चीक येतो, हातमोजे घालावेत.

फुलं हवी असतील तर बुटका एक्झोरा. पण एक्झोराची फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे चेंडूसारखा कातरलात तर गुच्छ कापून टाकाल आणि वर म्हणाल की फुलत नाही. बहर संपल्यावर एकदाच, मघाशी सांगितलं तसं आतून विरळ करा. अनंताची ‘रॅडिकन्स’ ही बसकी जातही याच नियमात बसते. फुटाभराची उंची, आडवा पसारा, सुगंध तोच.

बुटकी तगर चिवट आहे, कुठेही जगते, पण तिच्या ‘बुटक्या’ म्हणून मिळणाऱ्या रोपांत इतकी भेसळ असते की पेरं पाहिल्याशिवाय घेऊ नका. क्यूफिया लहान आणि सदा फुलणारी, पण तीन-चार वर्षांत लाकडी, उसवलेली होते. तिला कायमचं झुडूप समजू नये. कामिनीच्या बारीक पानाच्या जाती सुंदर असतात, मात्र शेजारी लिंबू, संत्रं असं काही लावलेलं असेल तर कामिनी टाळा. लिंबूवर्गावरची सायला कीड कामिनीवर आनंदाने वाढते, आणि फळझाडांना मारणारा ग्रीनिंग रोग तीच पसरवते. बुटकी कण्हेर मी मुद्दाम यादीत घेतलेली नाही. तिच्या बुटक्या जातीही साडेतीन-चार फूट होतात, आणि तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. दारात लहान मूल किंवा तोंड लावणारं जनावर असेल तर विषय संपला. तुमच्या ड्युरांटाची पिवळी फळंही विषारीच, हे जाता जाता सांगून ठेवतो.

जिथे खरी थंडी पडते तिथल्या वाचकांसाठी दोन शब्द. तिथे छोट्या झुडपांचा राजा शतकानुशतकं बॉक्सवुड होता, त्यातही ‘सफ्रुटिकोसा’ ही बुटकी जात. पण १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याच्यावर पानं झाडून टाकणारी बुरशी दिसली, आणि २००७ च्या सुमारास युरोपात पूर्व आशियातून आलेला पतंग पोहोचला, ज्याच्या अळ्या झुडूपच्या झुडूप सोलून खातात. शेकडो फूट एकाच जातीची कडा असलेल्या बागा ओस पडल्या. त्या जागी पुष्कळजण जपानी हॉली लावतात, दुरून पाहिलं तर फरक कळत नाही, मात्र तिला चुनखडीची जमीन सोसत नाही. मुगो पाइन घेतला असेल तर वसंतात मेणबत्तीसारखे कोंब निघतात, ते सुया उघडण्याआधी अर्धे मोडायचे. त्याची छाटणी बहुतेक एवढीच.

बॉक्सवुडच्या या कहाणीमुळेच मी तुम्हालाही सांगेन की १२ फुटांत एकच जात भरू नका. दोन घ्या. एक आजारी पडली तर पट्टा अर्धा तरी राहील.

किती रोपं? चार. हो, चारच. तीन फूट पसरणारं झुडूप, १२ फूट जागा. टोकापासून पहिलं दीड फुटावर, मग तीन-तीन फुटांवर पुढची. आठ लावलीत तिथेच तुमचं गणित चुकलं होतं. सुरुवातीला ते भकास दिसेल, शेजारी विचारतील. मधल्या जागेत दोन वर्षं हंगामी फुलं लावा, झुडपं एकमेकांना टेकली की ती काढा. भिंतीपासूनचं अंतर म्हणजे पूर्ण पसाऱ्याच्या निम्मं अधिक एक वीत. तुमच्या ४ फुटांत बुंधा भिंतीपासून सव्वादोन फुटांवर येईल. यामुळे पुढची बाजू कडेच्या जेमतेम तीन इंच आत राहील, राहू द्या. मागे हवा खेळली पाहिजे आणि कधीतरी तुमचा हातही पोचला पाहिजे.

भिंतीलगतच्या मातीच्या दोन खोडी आहेत. तिथे पाऊस नीट पडत नाही, म्हणून सगळी बाग ओली असताना तो पट्टा कोरडा असतो. आणि बांधकामातला चुना, सिमेंटचा राडारोडा तिथेच पुरलेला असतो. त्यामुळे माती अल्कधर्मी होते, आणि एक्झोरा, अनंत यांना लोह असूनही घेता येत नाही. लक्षण ओळखायला सोपं: शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. (जुनी, खालची पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर संशय मॅग्नेशियमवर घ्या.) लोक अशा वेळी हिराकस किंवा युरिया ओततात, आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. तुमच्याकडे खणताना पांढरे खडे निघाले तर ते वेचून टाका, पट्टाभर कुजलेलं खत मिसळा, आणि लोह द्यायचंच असेल तर ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेट, म्हणजे लोह मुळांना घेता येईल असं धरून ठेवणारं खत द्या. ईडीटीए स्वरूपातलं स्वस्त पडतं, पण अल्कधर्मी मातीत टिकत नाही. हा खटाटोप नको असेल तर तिथे कॅरिसा लावा, ती कुरकुर करत नाही.

लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. बुंधा जिथे मुळांशी रुंदावतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. खोल लावलेलं सदाहरित झुडूप लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षं कुढतं आणि मग जातं, तोपर्यंत कारण कुणाला आठवत नाही. खत खड्ड्यात कोंबू नका, सगळ्या पट्ट्यात पसरून मिसळा, नाहीतर मुळं त्या गोड खड्ड्यातच फिरत राहतात. वरून दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्याला न टेकवता.

पाणी पहिल्या वर्षी सगळ्यात महत्त्वाचं. रोज शिंपडू नका, एकदा खोल द्या आणि माती वाफशावर येऊ द्या. दोन इंच बोट खुपसा, खाली ओल लागली तर आज पाणी नाही. झुडूप सुकलेलं दिसतंय पण माती ओलीच आहे, असं झालं तर पाणी घालणं म्हणजे त्याला ढकलणं. मुळं कुजत असतात म्हणूनच ते सुकलेलं दिसतं.

खताबाबत हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पेरं लांबतात, म्हणजे बुटकं म्हणून घेतलेलं झाड आपणच खाऊ घालून उंच करतो. वर्षातून दोन वेळा ओंजळभर कंपोस्ट पुरे.

सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असंही नव्हे. पान जातीप्रमाणे एक, दोन, तीन वर्षं टिकतं आणि मग जातं, फक्त सगळी एकदम जात नाहीत. नवी पालवी फुटताना आतली जुनी पानं पिवळी होऊन गळली तर निश्चिंत राहा. शेंड्याकडची गळू लागली तर मात्र पानाखाली बघा. कोरड्या उष्म्यात लाल कोळी असतो. पानाच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा आठवड्यातून दोनदा दिला तरी तो पुष्कळ आटोक्यात येतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की आत पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे असं समजा, पानांवर काजळी त्यांच्याच चिकट द्रवावर वाढते. निंबोळी तेल चालतं, पण गच्च कातरलेल्या झुडपाच्या आत फवारा पोचतच नाही. आतून विरळ केलेल्या झुडपावर ही भुतं कमी बसतात, हा माझा अनुभव.

कुंड्यांत मालपिगिया उत्तम, एक्झोराही चालेल. १६ इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी घ्या. ओली झाल्यावर ती ५० किलोच्या आसपास भरते, तेव्हा भरण्याआधीच जागेवर ठेवा. तळाशी खडे, विटांचे तुकडे घालू नका. सगळे घालतात, मीही वर्षानुवर्षं घातले. बारीक मिश्रणातून खड्यांत पाणी सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच्या थरात अडून राहतं, म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. निचरा मिश्रणातूनच यायला हवा: माती, कंपोस्ट आणि भरड काहीतरी, जाड वाळू किंवा नारळाच्या सालीचे तुकडे, साधारण सारख्या भागांत.

दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतलं झुडूप बाहेर काढा आणि धारदार सुरीने मुळांच्या गड्ड्याचा बाहेरचा इंचभर थर चारही बाजूंनी कापा, नवं मिश्रण भरा, त्याच कुंडीत परत ठेवा. त्याच दिवशी वरूनही थोडं विरळ करा, कमी झालेल्या मुळांना तेवढंच ओझं राहू दे. हे पालवी फुटण्याच्या तोंडावर करायचं. एवढं केलं तर तीच कुंडी पंधरा वर्षं पुरते. आणि एक गोष्ट सदाहरित झुडपांचीच: पानं बारमाही असल्याने पाणीही बारमाही उडतं. इतर कुंड्या सुस्त असतात त्या थंडीच्या दिवसांत हिला विसरू नका.

राहिली तुमची जुनी आठ. ड्युरांटा मारायचा नसेल तर टोकाचा एखादा ठेवता येईल. पालवीच्या हंगामात तो जमिनीपासून फुटावर छाटा, जुन्या लाकडातून बिनदिक्कत फुटेल आणि खालून भरेल. पण मोकळा सोडला तर पंधरा फुटांपर्यंत जाणारी ती जात आहे. खिडकीसमोर तिला नोकरी देऊ नका. फायकस दोन्ही काढा. फांद्या आधी उतरवा, बुंधा हातभर ठेवा म्हणजे हलवायला धरता येईल, आणि भोवताली खणून मुळं एकेक कापा. भिंतीच्या दिशेने गेलेलं मूळ ओढून काढायला जाऊ नका, पायाचं प्लास्टर नाहीतर पाइप घेऊन बाहेर येईल. ते भिंतीलगत कापून सोडून द्या. उरलेल्या मुळांतून फुटवे येऊ शकतात, म्हणून पट्टा दोन महिने मोकळा ठेवा, दिसेल तो कोंब खुडा, आणि मग नवी चार रोपं लावा.